किर्लोस्कर रोड ते किर्लोस्करवाडी

बेळगावच्या बाजारपेठेतून तुम्ही नेहमी ये-जा करता. तिथल्या एका रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात. दप्तर पाठीला लावून, आईबरोबर खरेदीला किंवा सायकलवरून त्या रस्त्याने तुम्ही किती तरी वेळा गेला असाल. पण किर्लोस्कर हे आडनाव भारतातल्या लाखो पंपांवर आणि इंजिनांवर कोरले गेले, त्याची सुरुवात आपल्याच गावातल्या एका सायकलच्या दुकानातून झाली, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि त्या दुकानाचा मोठा कारखाना झाला तो मात्र बेळगावात नाही. असे का झाले असेल?

या अंकात आपण त्या दुकानाचे एक मालक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र पाहू. मोठा उद्योग कसा वाढतो, हेही त्यातून समजेल. उद्योग म्हणजे एका हुशार माणसाचे काम, असे आपल्याला वाटते. लक्ष्मणरावांचे आयुष्य पाहिले तर वेगळेच दिसते. त्यांच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी दुसरा माणूस किंवा दुसरी संस्था भागीदार म्हणून उभी आहे.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मलप्रभेच्या काठचे हे गाव मराठी माणसाला आणखी एका कारणाने माहीत आहे. संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही इथलाच, 1843 सालचा. एकाच गावाने आणि एकाच आडनावाने मराठी समाजाला नाटकही दिले आणि नांगरही दिला.

लहानपणी लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकात फारसे रमत नसे. त्यांना दोन गोष्टींचे वेड होते: चित्रे काढणे आणि यंत्रे पाहणे. वडील वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने चित्रकार व्हावे ही कल्पना त्या काळी घरात कोणाला रुचण्यासारखी नव्हती. अशा वेळी थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामुअण्णा, पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर लक्ष्मणराव 1885 साली मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोनेक वर्षे गेली आणि एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरकच कळत नव्हता. यालाच रंगांधत्व म्हणतात. हा दोष बहुधा जन्मजात असतो आणि तसा असला तर त्यावर औषध नाही. रेघ सुंदर, पण रंग चुकलेला, असा चित्रकार कसा होणार? ज्या गोष्टीसाठी घरच्यांचा विरोध पत्करला, तीच हातून निसटली.

इथे बरीच मुले खचली असती. लक्ष्मणरावांनी हातात काय उरले आहे ते पाहिले. रंग गेले, पण रेघ शाबूत होती. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. त्यात रंगांचे काम नव्हते. माप, कोन आणि नजरेचा अचूकपणा लागत होता. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिकवण्याची नोकरी लागली. ही संस्था आज वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. शिकवून झाले की ते तिथल्या कार्यशाळेत जात, यंत्रे उघडून पाहत, पुन्हा जोडत. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. ते यंत्र शिकले ते हात काळे करून.

दोन भावांची पाटी

त्याच सुमारास सायकल हे नवे वाहन मुंबईत दिसू लागले होते. ती विलायतेहून यायची आणि इतकी महाग असायची की साहेब आणि बडे लोकच ती घेत. लक्ष्मणरावांनी ती शिकून घेतली आणि त्यात धंदा आहे हे ओळखले. 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान सुरू झाले आणि त्यावर किर्लोस्कर ब्रदर्स अशी पाटी लागली. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवायचे, रामुअण्णा बेळगावात विकायचे. आजही कंपनी आपला जन्म याच सालापासून मोजते.

ही पहिली भागीदारी. नीट पाहिली तर तिच्यात भागीदारीचे सगळे शहाणपण आहे. दोघे भाऊ एकसारखे नव्हते. लक्ष्मणरावांना यंत्र कळायचे. रामुअण्णांना माणसे आणि व्यवहार कळायचा. दोघांनाही यंत्रच कळले असते तर हिशोब कोणी ठेवला असता? दोघांनाही व्यवहारच कळला असता तर दुरुस्ती कोणी केली असती? ज्याच्याकडे आपल्याजवळ नाही ते आहे, त्याच्याबरोबर जोडी जमवावी, हा धडा लक्ष्मणरावांना घरातच मिळाला.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलले गेले आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. सायकली विकता विकता त्यांचे लक्ष शेतकऱ्याकडे गेले. भारतात बहुसंख्य माणसे शेती करतात आणि त्यांची अवजारे मात्र शेकडो वर्षांपूर्वीचीच आहेत, हे त्यांना खटकत होते. आधी त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले. मग हाती घेतला लोखंडी नांगर.

लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटी करतो, त्यामुळे तण मरते आणि खालची माती वर येते. फायदा उघड होता, पण शेतकरी तो घ्यायला तयार नव्हता. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर विकले जायला सुमारे दोन वर्षे लागली. आपण शेतकऱ्याला हसू नये. त्याच्याकडे एकच जमीन असते. ती बिघडली तर वर्षभराची भाकर जाते. त्याने सावध असणे योग्यच होते. लक्ष्मणरावांनी वाद घातला नाही. ते नांगर दाखवत राहिले आणि सुधारत राहिले. एकाच्या शेतात पीक चांगले आले की शेजारचा आपोआप विचारायला येई.

बेळगाव सुटले

कारखाना हळूहळू जम बसवत होता आणि तेवढ्यात जागेचे संकट आले. ठळकवाडीची नवी वसाहत करण्यासाठी नगरपालिकेला ती जागा हवी होती. कारखाना हलवा, असे किर्लोस्कर बंधूंना सांगण्यात आले. शहराला घरांसाठी जागा लागते, हे खरेच आहे. पण कारखाना म्हणजे पेटी-वळकटी नव्हे. भट्टी, यंत्रे, कारागीर, त्यांची बिऱ्हाडे हे सगळे उचलून न्यायचे कुठे? आणि पैसा कुठून आणायचा?

अशा वेळी मदत आली ती बेळगावातून नव्हे, औंध संस्थानातून. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्यासाठी लक्ष्मणरावांनी औंधमध्ये बांधकामाचे काम केले होते. राजांनी त्यांचे काम डोळ्यांनी पाहिले होते. बाळासाहेब स्वतः चांगले चित्रकार होते. चित्रकार राजाने चित्रकार होता होता राहिलेल्या माणसाला ओळखले, असे म्हणायला हरकत नाही. राजांनी आपल्या संस्थानातील कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन देऊ केली आणि वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले.

जमीन कसली, ते माळरान होते. निवडुंग माजलेला, साप फिरणारे, पाण्याची वानवा. 10 मार्च 1910 रोजी कामाला प्रारंभ झाला. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे बेळगाव सोडून त्या माळावर राहायला आली. याच माळाची पुढे किर्लोस्करवाडी झाली. आज ती सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

औंधची भागीदारी कागदावर भागीदारी नव्हती. राजांनी नफ्यात वाटा मागितला नाही. पण संस्थानात रोजगार येईल, प्रजेला चांगली अवजारे मिळतील, हा त्यांचा लाभ होता. दोन्ही बाजूंचे भले होते म्हणून तो संबंध टिकला. बेळगावने एक कारखाना गमावला आणि एका छोट्या संस्थानाने तो कमावला. कुणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. होतकरू माणूस आपल्या दारात उभा असतो तेव्हा त्याची किंमत आपल्याला कळतेच असे नाही. ती कळायला हवी, एवढेच.

माणसांवरचा विश्वास

किर्लोस्करवाडीत कारखाना जसा उभा राहिला तसे गावही उभे राहिले. यंत्रांची बाजू लक्ष्मणरावांकडे, गावाची बाजू रामुअण्णांकडे. घरे, पाणी, शाळा, स्वच्छता या सगळ्याची व्यवस्था थोरले बंधू पाहत. देशातल्या सुरुवातीच्या नियोजित उद्योगवसाहतींत या गावाची गणना होते.

लक्ष्मणरावांभोवती जमलेली माणसे पाहण्यासारखी होती. शंभोराव जांभेकर यंत्रांचे काम पाहत, मंगेशराव रेगे हिशोब सांभाळत आणि शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कारागिरीत तयार झाले. बहुतेकांकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. रंगांमुळे ज्याला स्वतःला वाट बदलावी लागली, तो माणूस दुसऱ्याची किंमत प्रमाणपत्रावरून करणार नाही, हे उघड आहे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. ज्यांच्यापासून लोक दारे लावून घेत, त्यांच्याच हाती कारखान्याच्या किल्ल्या आल्या.

वसाहतीत जातिभेद पाळायचा नाही, असाही त्यांचा आग्रह होता. सनातनी वळणाच्या घरात जन्मलेल्या माणसाने 1910 च्या सुमारास हे करणे सोपे नव्हते.

पहिले महायुद्ध 1914 साली सुरू झाले. परदेशी नांगर येणे कमी झाले, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली. पण परदेशी लोखंड आणि कोळसाही मिळेना. मिळेल ते मोडीचे लोखंड गोळा करावे लागले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या, असे सांगितले जाते.

दुकानाची कंपनी झाली

युद्धानंतर काम इतके वाढले की दोन भावांच्या आणि स्नेह्यांच्या पैशावर ते चालणे शक्य नव्हते. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली.

लिमिटेड म्हणजे काय? समजा, एखाद्या धंद्याला एक लाख रुपये लागणार आहेत आणि तुमच्याजवळ दहाच हजार आहेत. उरलेले कर्जाने आणले तर धंदा चालो न चालो, व्याज भरावेच लागते. त्याऐवजी धंद्याचे शंभर भाग करून लोकांना विकले तर प्रत्येक भाग घेणारा तुमचा भागीदार होतो. नफा झाला तर त्याला वाटा मिळतो, तोटा झाला तर त्याने घातलेल्या पैशापुरतेच त्याचे नुकसान होते. नुकसानीला अशी मर्यादा असते, म्हणून ती मर्यादित, म्हणजेच लिमिटेड कंपनी. दोन भावांची भागीदारी आता अनोळखी भागधारकांपर्यंत पोचली. अनोळखी माणूस पैसे देतो तो नावावर विश्वास ठेवून. बत्तीस वर्षे ज्या पाटीखाली चोख माल दिला, ती पाटी हेच खरे भांडवल ठरले.

त्याच 1920 साली किर्लोस्करवाडीतून किर्लोस्कर खबर हे मासिक निघाले. सोलापूरचे डॉक्टर बंधू वासुदेवराव यांचे चिरंजीव शंकरराव त्याचे संपादक. सुरुवातीला कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्रक पुढे किर्लोस्कर मासिक झाले. 1930 साली स्त्री आणि 1934 साली मनोहर ही मासिके निघाली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या घरी ही मासिके येत असत का. नांगराच्या कारखान्याने मराठी वाचकालाही आपल्याबरोबर घेतले होते.

कारखान्यात आता उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप, मग यंत्रावर चालणारे पंप आणि तेलावर चालणारी इंजिने तयार होऊ लागली. याच काळात थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून 1926 साली इंजिनिअर होऊन परतले. पदवी नसलेले वडील आणि पदवीधर मुलगा आता एकाच कारखान्यात काम करू लागले.

शिकण्यासाठी हात मिळवणे

दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रे येणे पुन्हा थांबले. यंत्रे बनवण्यासाठी जी यंत्रे लागतात, त्यांत लेथ सर्वांत महत्त्वाचा. 1941 साली म्हैसूर संस्थानात, तुंगभद्रेच्या काठी हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही लेथ बनवणारी कंपनी सुरू झाली. पुन्हा एकदा एका संस्थानाच्या भूमीवर नवे रोप लागले.

1946 साली एकाच वर्षात दोन मोठ्या कंपन्या निघाल्या. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरला विजेच्या मोटारी बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक. या दोन्हींसाठी इंग्लंडमधील कंपन्यांशी तांत्रिक सहकार्य करण्यात आले. तांत्रिक सहकार्य म्हणजे परदेशी कंपनीने आपले आराखडे आणि बनवण्याची पद्धत द्यायची, माणसे शिकवायची. आपण त्याचा मोबदला द्यायचा आणि माल आपल्या कारखान्यात आपल्या कामगारांकडून बनवून घ्यायचा.

स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परदेशी कंपनीशी करार करावा का, असा प्रश्न कोणाला पडेल. याचे उत्तर करार कशासाठी आहे यावर अवलंबून असते. तयार इंजिन आणून त्यावर आपली पट्टी लावली तर आपण फक्त दुकानदार. आराखडा समजून घेऊन, चुका करत करत, शेवटी तो स्वतः सुधारण्याइतके शिकलो तर करार संपल्यावरही विद्या आपल्याकडे राहते. मुंबईहून सायकली पाठवणाऱ्या माणसाने बेळगावात नांगर बनवला, तेव्हाच हा फरक त्यांनी ओळखला होता. शिकवणीला जाणारा मुलगा वही उतरवून आणतो की गणित सोडवायला शिकतो, तसाच हा फरक.

जळालेला कारखाना

1948 साली लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. 30 जानेवारीला महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात जी दंगल उसळली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. अडतीस वर्षे खपून उभे केलेले डोळ्यांदेखत राख झाले. ज्यांचा त्या हत्येशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांच्या भाकरीवर आग पडली. त्या वयात कोणी म्हणाले असते की आता पुरे, तर कोणी नावे ठेवली नसती. पण कारखाना पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा सुरू झाला. किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

त्यांच्यानंतर

पुढची वाढ शंतनुरावांच्या काळात झाली. 1962 साली अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही संयुक्त कंपनी निघाली. संयुक्त कंपनी हा भागीदारीचा आणखी एक प्रकार. इथे परदेशी कंपनी नुसती विद्या विकत नाही, तर स्वतःचा पैसाही घालते आणि नफ्या-तोट्यात वाटेकरी होते. 1990 च्या दशकात किर्लोस्कर त्यातून बाहेर पडले आणि ती कंपनी कमिन्स इंडिया झाली. 1988 साली जपानच्या एबारा कंपनीबरोबर पंपांसाठी संयुक्त कंपनी झाली, तर 1997 साली टोयोटाबरोबर स्थापन झालेल्या कंपनीची मोटारगाडी बंगळूरजवळ बिडदीला तयार होऊ लागली.

मग उलट प्रवास सुरू झाला. ज्या इंग्लंडकडून एके काळी विद्या घेतली, तिथलीच एसपीपी ही जुनी पंप कंपनी 2003 साली किर्लोस्कर ब्रदर्सने विकत घेतली. 2007 साली कोल्हापूर स्टील ताब्यात घेतली. समूहातील किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने 2017 साली अहमदाबादच्या ला-गज्जर मशिनरीज या पंप कंपनीतील मोठा हिस्सा घेतला आणि किर्लोस्कर फेरसने 2022 साली पोलादी नळ्या बनवणारी आयएसएमटी कंपनी ताब्यात घेतली.

दुसरी कंपनी विकत घेणे म्हणजे केवळ इमारत आणि यंत्रे घेणे नव्हे. तिचे कुशल कामगार, तिची गिऱ्हाइके, तिचे नाव, तिचे कर्ज आणि तिच्या अडचणी हे सगळे पदरात येते. म्हणून कंपनी घेणे सोपे आणि ती नांदवणे अवघड. नव्या घरात आलेल्या माणसाला आपले म्हणता आले नाही, तर घर मोठे होते पण सुखाचे होत नाही.

या जोडलेल्या बळाचा एक चांगला उपयोग 2018 साली जगाने पाहिला. थायलंडमधील थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचे प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले होते. गुहेतले पाणी उपसण्याच्या कामात सल्ला देण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे गेले होते. सगळी मुले सुखरूप बाहेर आली. त्या सुटकेत अनेक देशांच्या माणसांचे हात होते. त्यात या कंपनीचाही एक हात होता.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर बंद पडली आणि तिथल्या कामगारांना त्याची झळ सोसावी लागली. पुढच्या पिढ्यांत कंपन्या वेगवेगळ्या शाखांकडे गेल्या, मतभेदही झाले. पाटीवर ब्रदर्स लिहिले म्हणून भाऊपण आपोआप टिकत नाही. ते प्रत्येक पिढीला नव्याने कमवावे लागते. लक्ष्मणराव आणि रामुअण्णा यांनी ते कमावले होते.

आपल्यासाठी

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात तुमच्या शेजारी बसणारा मुलगा कदाचित गणितात कच्चा असेल, पण त्याचा हात सुरेख चालत असेल. तुमचे गणित चांगले असेल, पण चार माणसांत बोलायला जमत नसेल. विज्ञान प्रदर्शनासाठी गट करताना आपण आपल्यासारखाच मित्र शोधतो. यंदा आपल्याहून वेगळा मित्र शोधून पाहा.

पालकांनी रामुअण्णांची आठवण ठेवावी. चित्रकार व्हायला निघालेल्या धाकट्याला त्यांनी आधार दिला. तो चित्रकार झाला नाही, म्हणजे तो आधार वाया गेला का?

आणि संस्थेच्या विश्वस्त मंडळींसमोर औंधच्या राजांचे उदाहरण आहे. 32 एकर माळ आणि दहा हजार रुपये देताना त्यांनी पदवी पाहिली नाही, काम पाहिले. आपल्या शाळेतही हाताने काही करू पाहणाऱ्या मुलांना एक खोली, चार हत्यारे आणि शिकवणारा एक जाणता कारागीर मिळाला, तर त्यातून काय उगवेल ते आज कोणी सांगू शकणार नाही. 1888 साली बेळगावात सायकलच्या दुकानासमोरून जाणाऱ्यांनाही ते सांगता आले नसते.

पुढच्या वेळी पुण्याला रेल्वेने जाल तेव्हा मिरज, सांगली आणि भिलवडी गेली की खिडकीशी बसा. थोड्याच वेळात किर्लोस्करवाडी असा फलक दिसेल. याच स्टेशनाचे नाव पूर्वी कुंडल रोड होते. आपल्या गावातून निघालेली पंचवीसेक बिऱ्हाडे एके दिवशी इथेच उतरली होती, हे तेव्हा आठवा.